नकाशा आणि जमीन : मारतहळ्ळीच्या पत्रकावरून काही मूलभूत संकल्पना

नकाशा म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाचे किंवा त्याच्या एखाद्या भागाचे, ठरावीक प्रमाणात लहान केलेले, वरून पाहिल्यासारखे सपाट चित्र. या व्याख्येतला प्रत्येक भाग काहीतरी सोडून देतो. चित्र लहान केले की बारीक तपशील गळतात, सपाट केले की पृथ्वीची गोलाई हरवते आणि वरून काढले की जमिनीचा चढउतार दिसेनासा होतो. या तीन उणिवांवर नकाशाशास्त्राने तीन उपाय शोधले. लहान करण्याचा हिशोब म्हणजे प्रमाण, गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याची रीत म्हणजे प्रक्षेपण आणि उंची दाखवण्याची खूण म्हणजे समोच्च रेषा. हे तिन्ही उपाय समजले की कोणताही नकाशा वाचता येतो. त्याने काय राखले आहे आणि काय सोडून दिले आहे, तेही ओळखता येते.

या संकल्पना तपासून पाहायला बंगळुरूच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी हे सोयीचे ठिकाण आहे. जुना विमानतळ रस्ता आणि आउटर रिंग रोड जिथे एकमेकांना छेदतात, तिथे हे उपनगर वाढले आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे देशभरातली माणसे येथे राहायला आली आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. भारताच्या शास्त्रीय सर्वेक्षणाची पहिली मोजमापे येथून काही किलोमीटरवर झाली. ज्या खडकावर हे उपनगर उभे आहे तो भारतातल्या अतिप्राचीन खडकांपैकी आहे. आणि नकाशातल्या उंचसखलपणाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हेही या भागाने अलीकडेच अनुभवले आहे.

ठिकाणाचा पत्ता : अक्षांश आणि रेखांश

पृथ्वीवरचे कोणतेही ठिकाण दोन कोनांनी सांगता येते. विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेले कोनीय अंतर म्हणजे अक्षांश. ग्रिनिचच्या मूळ रेखावृत्तापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला असलेले कोनीय अंतर म्हणजे रेखांश. मारतहळ्ळी सुमारे १२° ५७′ उत्तर अक्षांश आणि ७७° ४२′ पूर्व रेखांशावर आहे.

अक्षांशाची प्रचीती सूर्याकडून मिळते. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. बंगळुरूत हे शून्य सावलीचे दिवस २४-२५ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमारास येतात. पुणे साडेअठरा अंशांवर, म्हणजे अधिक उत्तरेला असल्यामुळे तिथे ते मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतात. ज्या दिवशी सूर्याचे विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर गावाच्या अक्षांशाएवढे होते, तोच त्या गावाचा शून्य सावलीचा दिवस.

रेखांश वेळेतून कळतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटे लागतात. भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखावृत्ताची आहे. मारतहळ्ळी त्याच्या ४.८ अंश पश्चिमेला असल्यामुळे तिथली स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे १९ मिनिटे मागे असते. सरासरी मध्यान्ह घड्याळात १२ वाजून १९ मिनिटांनी होते. प्रत्यक्षात सूर्य एप्रिलच्या अखेरीस दोनेक मिनिटे लवकर आणि ऑगस्टच्या मध्यास चारेक मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून हा फरक पडतो.

कोनांचे अंतरात रूपांतर करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. अक्षवृत्ते एकमेकांना समांतर असल्यामुळे अक्षांशाच्या एका अंशाचे अंतर सगळीकडे जवळपास सारखे, सुमारे १११ किलोमीटर भरते. रेखावृत्ते मात्र ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात. म्हणून रेखांशाच्या एका अंशाचे अंतर विषुववृत्तावर १११.३ किलोमीटर, मारतहळ्ळीत सुमारे १०८.५ किलोमीटर, ६० अंश उत्तरेला त्याच्या निम्मे आणि ध्रुवावर शून्य होते. सपाट कागदावर नकाशा काढताना जी अडचण येते तिचे मूळ या जवळ येणाऱ्या रेखावृत्तांत आहे.

लहान करण्याचा हिशोब : प्रमाण

नकाशावरील अंतर आणि जमिनीवरील अंतर यांचे गुणोत्तर म्हणजे नकाशाप्रमाण. ते तीन प्रकारे लिहितात. ‘१ सेंटीमीटरला ५०० मीटर’ हे शब्दप्रमाण, १:५०,००० हे अंकप्रमाण आणि नकाशाच्या तळाशी भाग पाडून काढलेली पट्टी हे रेषाप्रमाण. छायाप्रत काढताना किंवा पडद्यावर पाहताना नकाशा लहानमोठा झाला तर पहिली दोन प्रमाणे चुकतात. पट्टी नकाशाबरोबरच लहानमोठी होत असल्यामुळे रेषाप्रमाण खरे राहते.

मोठे प्रमाण आणि लहान प्रमाण या शब्दांत अनेकांचा गोंधळ होतो. १:५,००० हे १:२,५०,००० पेक्षा मोठे प्रमाण आहे, कारण एकाचा पाच हजारावा भाग अडीच लाखाव्या भागापेक्षा मोठा असतो. मोठ्या प्रमाणाच्या नकाशात थोडा प्रदेश पुष्कळ तपशिलाने दिसतो, लहान प्रमाणाच्या नकाशात पुष्कळ प्रदेश थोड्या तपशिलाने.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांचे क्रमांक याच हिशोबातून आले आहेत. जुन्या पद्धतीत देशाचे चार अंश रुंद आणि चार अंश उंच असे चौकोन पाडून त्यांना क्रमांक दिले होते. त्यातला ५७ क्रमांकाचा चौकोन १२ ते १६ अंश उत्तर आणि ७६ ते ८० अंश पूर्व असा आहे. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग पाडून त्यांना ए ते पी अशी अक्षरे दिली. १२ ते १३ अंश उत्तर आणि ७७ ते ७८ अंश पूर्व हा भाग ‘एच’. त्याचे पुन्हा १५ मिनिटांचे सोळा भाग पाडले की प्रत्येक भाग १:५०,००० प्रमाणाचे एक पत्रक होतो. या रीतीने मारतहळ्ळी ‘५७ एच/९’ या पत्रकात येते. नव्या खुल्या मालिकेत तेच पत्रक ‘डी ४३ एक्स ९’ या क्रमांकाने ओळखले जाते. कोणत्याही गावाचा अक्षांश-रेखांश ठाऊक असेल तर त्याचा पत्रक क्रमांक असाच घरबसल्या काढता येतो.

या पत्रकात दक्षिणोत्तर सुमारे साडेसत्तावीस किलोमीटरचा प्रदेश ५५ सेंटीमीटर कागदावर बसवलेला असतो. एवढ्या प्रमाणात दहा मीटर रुंदीचा रस्ता नकाशावर ०.२ मिलिमीटरचा होईल आणि डोळ्यांना नीट दिसणारही नाही. म्हणून रस्ते, ओढे, मंदिरे, विहिरी, पोस्ट कार्यालये सांकेतिक चिन्हांनी दाखवतात. पाणी निळ्या रंगात, समोच्च रेषा तपकिरी, झाडी हिरवी, शेती पिवळी, वस्ती आणि पक्के रस्ते लाल अशी रूढ रंगयोजना आहे. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे नकाशाच्या उद्देशावर ठरते. वाहनचालकाला रस्ते हवेत, ओढे नकोत. गटारयोजना आखणाऱ्या अभियंत्याला नेमके उलटे हवे असते.

पृथ्वीचा आकार मोजताना

नकाशा अचूक होण्याआधी पृथ्वीचा आकार अचूक कळावा लागतो. भारतात या कामाची सुरुवात विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने केली. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लढाईनंतर म्हैसूरच्या प्रदेशाचे सर्वेक्षण करण्याची योजना त्याने मांडली आणि १८०० च्या अखेरीस बंगळुरूजवळ आग्राम आणि बाणसवाडी यांच्या दरम्यान पहिली आधाररेषा मोजली. ही जागा आजच्या मारतहळ्ळीच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर आहे. पुढे १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ सुमारे १२ किलोमीटरच्या आधाररेषेचे मोजमाप सुरू झाले. महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ तिथून मानतात.

पद्धत मुळात शाळेतल्या भूमितीची आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असतील तर उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. त्यामुळे जमिनीवर साखळीने मोजायची ती एकच बाजू, म्हणजे आधाररेषा. नंतर दूरच्या टेकडीवरच्या खुणेकडे दुर्बीण रोखून फक्त कोन मोजायचे आणि काढलेल्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभारायचा. अशी त्रिकोणांची माळ शेकडो किलोमीटर नेता येते. पहिल्या रेषेतली चूक मात्र पुढच्या प्रत्येक त्रिकोणात उतरते. म्हणून आधाररेषेच्या मोजणीत कमालीची काळजी घ्यावी लागे. लॅम्बटनची शंभर फुटी साखळी पोलादाच्या चाळीस सळ्यांची होती. उन्हाने पोलाद प्रसरण पावते, त्यामुळे साखळी लाकडी पेट्यांत, तंबूच्या सावलीत ठेवून तिचे तापमान नोंदवले जाई आणि लांबी त्यानुसार दुरुस्त केली जाई. कोन मोजण्याचे मोठे थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढवताना दोर तुटून ते आपटले. लॅम्बटनने ते सहा आठवडे खपून स्वतः दुरुस्त केले.

७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास कन्याकुमारीपासून उत्तरेकडे गेलेली ही त्रिकोणांची मुख्य माळ ‘महाचाप’ म्हणून ओळखता येईल. मारतहळ्ळीचा ७७° ४२′ हा रेखांश त्या माळेला लागूनच आहे. माळ दख्खन ओलांडून विदर्भापर्यंत पोहोचली आणि तिथे, २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे लॅम्बटनचा मृत्यू झाला. त्याची कबर वर्धा जिल्ह्यातील त्या गावी आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

या मोजणीतून पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याचे भारतीय भूमीवरच्या आकड्यांनी सिद्ध झाले. अक्षांशाचा एक अंश उत्तरेकडे किंचित लांब होत जातो. मारतहळ्ळीजवळ तो सुमारे ११०.६३ किलोमीटर आहे, तर ध्रुवाजवळ १११.७ किलोमीटर. एव्हरेस्टने १८३० मध्ये काढलेला पृथ्वीचा आकार भारतीय नकाशांसाठी पुढे दीडशेहून अधिक वर्षे वापरात होता. आजच्या उपग्रहीय मोजणीत पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१३७ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५६.७५२ किलोमीटर धरतात. पृथ्वीच्या आकाराचे हे दोन संदर्भ वेगळे असल्यामुळे जुन्या पत्रकावरून वाचलेला बंगळुरूतला बिंदू तसाच मोबाइलमध्ये भरला तर तो शंभर मीटरहून अधिक सरकतो. जुन्या नकाशावरून जमिनीची हद्द ठरवताना संदर्भ तपासणे त्यामुळे अटळ ठरते.

गोल पृथ्वी सपाट कागदावर : प्रक्षेपण

फुटबॉलवर कागद लावायला गेले तर कुठे सुरकुत्या पडतात, कुठे कागद फाटतो. उलट दिशेनेही तेच होते. गोलाचा पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही. थोर गणिती गाउस याने १८२७ मध्ये वक्र पृष्ठभागांच्या अभ्यासातून हे सिद्ध केले. म्हणून प्रत्येक प्रक्षेपणाला आकार, क्षेत्रफळ, अंतर आणि दिशा यांपैकी काहीतरी सोडावे लागते. काही प्रक्षेपणे आकार राखतात, काही क्षेत्रफळ राखतात, काही एका ठरावीक बिंदूपासूनची अंतरे राखतात. काही कशातच पूर्ण शुद्ध नसतात पण सगळ्या चुका सोसण्याजोग्या ठेवतात.

रचनेनुसार प्रक्षेपणांचे तीन मुख्य गट पडतात. पृथ्वीगोलाभोवती कागदाचा दंडगोल गुंडाळून त्यावर जाळी उतरवली तर दंडगोल प्रक्षेपण, शंकू ठेवला तर शंकू प्रक्षेपण आणि एका बिंदूला टेकलेला सपाट कागद घेतला तर खमध्य प्रक्षेपण. कागद जिथे गोलाला टेकतो तिथे नकाशा शुद्ध असतो आणि तिथून दूर जावे तसतशी चूक वाढते. त्यामुळे विषुववृत्तीय प्रदेशांना दंडगोल, मध्य अक्षांशांना शंकू आणि ध्रुवीय प्रदेशांना खमध्य प्रक्षेपण सोयीचे पडते.

सर्वांत प्रसिद्ध दंडगोल प्रक्षेपण गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांसाठी तयार केले. त्यात रेखावृत्ते समांतर उभ्या रेषा होतात, म्हणजे वर जावे तसा नकाशा आडवा ताणला जातो. आकार बिघडू नये म्हणून मर्केटरने तो तेवढाच उभाही ताणला. त्यामुळे नकाशावरचा कोन आणि समुद्रावरचा कोन एकच राहतो. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग सरळ रेषेत येतो. क्षेत्रफळाचा मात्र बळी जातो. ६० अंशांवर अंतरे दुप्पट आणि क्षेत्रफळे चौपट दिसतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते, वास्तविक आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. भारत ग्रीनलंडच्या दीडपट असूनही त्याच्यापुढे लहान दिसतो.

मोबाइलवरचे रस्त्यांचे नकाशे बहुतांशी मर्केटरच्याच एका सुलभ रूपावर चालतात. सर्व जग एका चौरसात बसवायचे, पुढच्या पायरीवर त्याचे चार चौरस करायचे, मग प्रत्येकाचे पुन्हा चार, अशी त्यांची मांडणी असते. हव्या त्या भागाचे चौरस तेवढे मागवले की काम भागते. गल्लीचा काटकोन नकाशातही काटकोनच राहतो, म्हणून वाट शोधायला हे प्रक्षेपण उत्तम. मारतहळ्ळीच्या अक्षांशावर त्यातली लांबी सुमारे २.६ टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे ५ टक्के फुगलेले असते. विषुववृत्ताच्या जवळ असल्याचा हा फायदा आहे. अशा नकाशांतली मोजपट्टी हा फरक धरूनच अंतर सांगते.

दूरच्या प्रवासात मर्केटरची सरळ रेषा फसवते. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू हा मार्ग मर्केटर नकाशावर महासागर ओलांडून आडवा जाईल असे वाटते, पण जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला उतरले, तेव्हा हे सर्वांना दिसले. मर्केटरच्या नकाशात ध्रुव दाखवताच येत नाही, कारण तिथे ताण अनंत होतो. असा मार्ग पाहायला ध्रुवकेंद्रित खमध्य प्रक्षेपणच हवे.

भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी स्थलदर्शक पत्रके बहुशंकू प्रक्षेपणावर काढलेली आहेत. त्यात प्रत्येक अक्षवृत्तासाठी वेगळा शंकू कल्पिलेला असतो. पत्रक लहान असल्यामुळे चूक नगण्य राहते. तरीही गोलाईची खूण कागदावर सापडते. मारतहळ्ळीच्या पत्रकाची वरची, म्हणजे १३ अंशांवरची कडा खालच्या कडेपेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने आखूड असते.

राष्ट्रीय नकाशा धोरण २००५ नंतरच्या खुल्या मालिकेत आडव्या मर्केटर प्रक्षेपणाची जागतिक जाळी वापरली जाते. येथे दंडगोल आडवा करून रेखावृत्ताला टेकवतात. पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळा दंडगोल घेतात. मारतहळ्ळी ७२ ते ७८ अंशांच्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर त्याच पट्ट्यात येतात, तर नागपूर ४४ क्रमांकाच्या पट्ट्यात. मारतहळ्ळी आपल्या पट्ट्याच्या ७५ अंशांच्या मध्यरेषेपासून सुमारे २९३ किलोमीटर पूर्वेला, म्हणजे कडेजवळ आहे. तिथे जाळीवरचा एक किलोमीटर प्रत्यक्षापेक्षा सुमारे ६५ सेंटीमीटरने वाढलेला असतो आणि जाळीची उत्तर खऱ्या उत्तरेपासून सुमारे ०.६ अंश पूर्वेकडे झुकते. पादचाऱ्याला याने फरक पडत नाही. उड्डाणपुलाची किंवा मेट्रोमार्गाची आखणी करणाऱ्याला ही दुरुस्ती करावीच लागते.

उंची आणि समोच्च रेषा

समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीच्या बिंदूंना जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. रेषा जवळजवळ असतील तर उतार तीव्र, दूरदूर असतील तर सौम्य. मिटलेल्या वर्तुळाकार रेषा आत वाढत गेल्या तर टेकडी. इंग्रजी व्हीच्या आकाराची टोके उंच भागाकडे वळली असतील तर दरी, उताराकडे वळली असतील तर सोंड. दोन समोच्च रेषा एकमेकींना सहसा छेदत नाहीत, कारण एकाच बिंदूची उंची दोन असू शकत नाही.

उंची कोणत्या पृष्ठभागापासून मोजायची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नकाशातली उंची सरासरी समुद्रसपाटीपासून असते. उपग्रहीय यंत्र मात्र पृथ्वीच्या गणिती आकारापासून उंची काढते. हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला पृथ्वीचे गुरुत्व कमी पडते आणि तिथली समुद्रपातळी गणिती आकाराच्या शंभराहून अधिक मीटर खाली आहे. या खळग्याचा परिणाम दक्षिण भारतापर्यंत पोहोचतो. बंगळुरूत समुद्रसपाटी गणिती आकाराच्या सुमारे ८५ मीटर खाली येते. त्यामुळे दुरुस्ती न केलेले यंत्र खऱ्या उंचीपेक्षा तेवढाच कमी आकडा दाखवते.

मारतहळ्ळीला लागून असलेल्या एचएएल विमानतळाची उंची ८८८ मीटर आहे. शहरातून उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैऋत्येकडे एक कणा जातो. त्यावरील दोड्डबेट्टहळ्ळी हे ठिकाण सुमारे ९६२ मीटर उंच आहे. शहराच्या कण्यापासून पूर्वेकडे येताना जमीन हळूहळू उतरते. १:५०,००० च्या पत्रकात समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने काढतात. एवढ्या सौम्य उतारावर दोन रेषांमध्ये पुष्कळ जमीन मोकळी दिसते आणि दहा-पंधरा मीटर खोल ओघळ रेषांतून निसटू शकतो. अशा प्रदेशात समोच्च रेषांबरोबर निळे ओढे आणि तलाव वाचावे लागतात. एकदोन मीटरच्या अंतराच्या समोच्च रेषा हव्या असतील तर मोठ्या प्रमाणाचा नकाशाच लागतो.

भूरूपे : जुना खडक आणि तरुण खडक

भूरूपे दोन शक्तींच्या झटापटीतून घडतात. पृथ्वीच्या पोटातल्या अंतर्गत शक्ती जमीन उचलतात, वाकवतात, लाव्हा बाहेर टाकतात. ऊन, पाऊस, नदी, वारा, लाटा या बाह्य शक्ती ती झिजवतात आणि गाळ सखल जागी नेऊन टाकतात. पर्वत, पठार आणि मैदान ही मोठी भूरूपे. दरी, टेकडी, धबधबा, खाडी, पुळण ही त्यांच्या अंगावरची लहान भूरूपे.

मारतहळ्ळी म्हैसूर पठारावर आहे. येथला खडक नीस जातीचा, तीन अब्ज वर्षांच्या आसपास वयाचा. लालबागेतला उघडा खडक याच जातीचा असून तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. इतक्या दीर्घ झिजेनंतर या प्रदेशात सौम्य उतारांचे विस्तीर्ण माळ उरले आहेत. त्यांतून कठीण खडकाचे एकेकटे गोल माथे वर येतात. १,४७८ मीटर उंचीची नंदी टेकडी आणि १,२२६ मीटरचा सावनदुर्ग ही त्यांची ठळक उदाहरणे. अशा टेकडीच्या समोच्च रेषा दाट, गोल आणि एकाकी दिसतात.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग याहून पुष्कळ तरुण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून निघालेल्या लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा बसाल्ट तयार झाला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरला आहे. कठीण आणि मऊ थर आलटून पालटून असल्यामुळे सह्याद्रीचे उतार पायऱ्यांसारखे आणि माथे सपाट झाले. नकाशात कड्याजवळ समोच्च रेषा दाट होतात आणि माथ्यावर एकदम विरळ. हे माथे गडकिल्ल्यांना नैसर्गिक तटबंदी पुरवत आले. १,६४६ मीटरचे कळसूबाई हे या रांगेतले राज्याचे सर्वोच्च शिखर. सह्याद्रीच्या पश्चिमेला अरुंद कोकणपट्टी आहे. तिथे जांभ्या दगडाचे सपाट सडे, खाड्या आणि पुळणी दिसतात. बसाल्टच्या पठारात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उल्का आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले. नकाशावर ते जवळजवळ पूर्ण वर्तुळ दिसते आणि त्याच्या समोच्च रेषा आत उतरत जातात.

पठाराचा उतार पूर्वेकडे आहे, म्हणून महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा अरबी समुद्र जवळ असूनही बंगालच्या उपसागराला मिळते. बंगळुरूतही कण्याच्या पूर्वेचे पाणी दक्षिण पिनाकिनीकडे जाते आणि पश्चिमेचे वृषभावती-अर्कावतीमार्गे कावेरीकडे. दोन्ही वाटांचा शेवट बंगालच्या उपसागरातच होतो.

पाण्याची वाट आणि नकाशातली पोकळी

बंगळुरूला बारमाही नदी नाही. जुन्या राज्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी उतारावर बांध घालून तलावांच्या साखळ्या केल्या. वरचा तलाव भरला की त्याचे पाणी राजकालुवे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालव्यांतून खालच्या तलावात उतरे. मारतहळ्ळीच्या नैऋत्येला शहरातला सर्वांत मोठा बेळ्ळंदूर तलाव आहे. त्याचे पाणी आग्नेयेच्या वर्तूर तलावात आणि तिथून दक्षिण पिनाकिनीत जाते. उपनगराच्या आसपास मुन्नेकोळालु, दोड्डनेक्कुंदी, कुंदलहळ्ळी हे लहान तलाव आहेत. जुन्या पत्रकांवर ही साखळी निळ्या रंगात स्पष्ट दिसते.

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात मुसळधार पावसाने आउटर रिंग रोडचा मारतहळ्ळी-बेळ्ळंदूर पट्टा पाण्याखाली गेला. वसाहतींत होड्या आणि ट्रॅक्टर आणून माणसे बाहेर काढावी लागली. तलावांच्या कडा भरून बांधकामे झाली होती, कालवे अरुंद झाले होते आणि पाणी आपल्या जुन्या उतारानेच निघाले. रस्त्यांच्या नकाशात हा उतार कुठेच नसतो. स्थलदर्शक पत्रकात तो नोंदवलेला असतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची खुली पत्रके संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवून घेता येतात. घर किंवा भूखंड घेण्याआधी प्रत्येकाने आपल्या भागाचे पत्रक एकदा उघडावे. पत्रकाचा क्रमांक काढावा, प्रमाण वाचावे, समोच्च रेषांवरून उताराची दिशा ठरवावी आणि निळ्या रेषा आपल्या जागेतून जातात का ते पाहावे. रस्त्याचा नकाशा घरापर्यंत पोहोचवतो. ते घर पावसाळ्यात कोरडे राहील का, हे समजून घ्यायला जमिनीचा नकाशा वाचावा लागतो.